आगाऊ उत्तरपत्रिका

प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वीच सबंध उत्तरपत्रिका लिहून तयार ठेवणारा विद्यार्थी आपल्यापैकी कोणी पाहिला आहे काय? पाहिला असल्यास त्याचे पुढे काय झाले हे विचारण्याची गरज नाही. आपल्या विद्यापीठाचे नियम अशा बाबतीत कडक आहेत. परंतु संगणकाच्या राज्यात हा गुन्हा नसून ती एक मान्य पद्धत आहे. तिथे प्रश्न कोणते येणार हे आधीच ठाऊक असते, त्यांची उत्तरे एका फाईलमध्ये लिहून ठेवता येतात, आणि परीक्षक स्वतःच ती फाईल उघडून, विद्यार्थ्याला एक शब्दही न विचारता, पुढे जातो. या फाईलला इंग्रजीत ‘आन्सर फाईल’ म्हणतात. मी तिला आगाऊ उत्तरपत्रिका म्हणतो. ‘आगाऊ’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, आणि या लेखात ते दोन्ही लागू पडतील.

मी कला शाखेचा विद्यार्थी. संगणकशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, कारण गेल्या दिवाळीच्या सुटीत एका चुकीमुळे मला तो शिकावा लागला. ती चूक माझी होती, आणि तिची किंमत मात्र मराठी विभागाने मोजली. ती हकीकत पुढे येईलच. आधी ही उत्तरपत्रिका म्हणजे काय, आणि ती कुठे कुठे चुकते, हे समजून घेऊ.

प्रसंग कसा आला

विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारा नित्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षेच्या सुधारणा बंद झाल्या की संगणक चालतो, पण कुलूप नसलेल्या घरासारखा चालतो. देशभरच्या शाळा-महाविद्यालयांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. काही संगणकांवर विंडोज ११ चढू शकत होती. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो. ज्यांच्यापाशी ते नव्हते, त्यांच्यावर लिनक्स घालण्याचे ठरले.

आमच्या संगणक कक्षात चोवीस यंत्रे, आणि शिवाय विभागांतली तीन. ती सांभाळणारे प्रयोगशाळा साहाय्यक एकटेच. आम्ही सर्व त्यांना काका म्हणतो. एका यंत्रावर कार्यप्रणाली बसवायची म्हणजे समोर बसून भाषा कोणती, कळफलक कोणता, कोणत्या डिस्कवर, संगणकाचे नाव काय, वेळ कोणती, वापरणाऱ्याचे नाव काय, अशा प्रश्नांना उत्तरे देत राहायचे. सत्तावीस वेळा तीच उत्तरे. सुटीत गावी न गेलेल्या आम्हा दोघा-तिघांना काकांनी मदतीला बोलावले, आणि ही उत्तरपत्रिका लिहिण्याचे काम मी उत्साहाने अंगावर घेतले.

थोडा इतिहास

ही कल्पना नवी नाही. विंडोज एनटीच्या काळात ‘अनअटेंड’ नावाची साधी मजकुराची फाईल असे. विंडोज एक्सपीच्या दिवसांत तीच फाईल ‘विन-एनटी डॉट एसआयएफ’ या नावाने फ्लॉपीवर ठेवून सीडीवरून यंत्र सुरू करीत. २००७ साली विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली, तेव्हा या फाईलचे रूप बदलून ती एक्सएमएल या लेखनपद्धतीत आली. आजही तीच पद्धत चालू आहे. लिनक्सच्या घराण्यातही ही चाल आहे. रेड हॅटच्या मंडळींत तिला ‘किकस्टार्ट’ म्हणतात, डेबियनमध्ये ‘प्रीसीड’. आपल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स डेबियनवरच आधारलेली आहे.

एक्सपीच्या काळातली एक गोष्ट काका सांगतात. ती आपणा मराठी वाचकांना विशेष कळेल. त्या वेळी देवनागरीसारख्या लिपींची व्यवस्था संगणकात आपोआप उघडत नसे. ती मुद्दाम चालू करावी लागे. उत्तरपत्रिकेत भाषागटाचा क्रमांक लिहायचा असे, आणि भारतीय लिपींच्या गटाचा क्रमांक होता १५. तो एवढा आकडा लिहायचा राहिला, की संगणक बाकी सर्व बाबतीत ठणठणीत, पण मराठी उघडले की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होत. लोक म्हणत, फाँट बिघडला. मग नवे नवे फाँट आणून टाकीत. दोष फाँटचा नव्हताच. दोष एका कोऱ्या ओळीचा होता. उत्तरपत्रिकेच्या दुखण्यांचा हा पहिला धडा: रोग एकीकडे असतो आणि लक्षण दुसरीकडे दिसते.

सात टप्पे

दुरुस्ती करायची तर आधी ही उत्तरपत्रिका कशी वाचली जाते ते कळले पाहिजे. विंडोजची स्थापना ही एक सलग क्रिया वाटते, पण तिचे सात टप्पे पाडलेले आहेत. पहिला ‘विंडोज पीई’. यात डिस्क आखली जाते आणि विंडोजची कोणती आवृत्ती घ्यायची ते ठरते. दुसरा ‘ऑफलाइन सर्व्हिसिंग’. यात ड्रायव्हर आणि सुधारणा आत घातल्या जातात. तिसरा ‘जनरलाइझ’; एका यंत्रावरची व्यवस्था इतरांना देण्यासाठी तिच्यावरची त्या यंत्राची खास ओळख पुसण्याचा. चौथा ‘स्पेशलाइझ’, यात नव्या यंत्राला त्याचे स्वतःचे नाव व ओळख मिळते. पाचवा आणि सहावा ‘ऑडिट’चे, कारखान्यात किंवा कार्यशाळेत तपासणीसाठी. सातवा ‘ऊबी’, म्हणजे नव्या संगणकाच्या पडद्यावर वापरणाऱ्याचे जे स्वागत होते तो टप्पा. प्रत्येक स्थापनेत सातही टप्पे येतातच असे नाही. साध्या स्थापनेत जनरलाइझ आणि ऑडिटची गरज पडत नाही.

प्रत्येक उत्तर त्याच्या टप्प्याच्या रकान्यातच लिहावे लागते. इतिहासाच्या पेपरात भूगोलाचे उत्तर कितीही अचूक लिहिले तरी गुण मिळत नाहीत, तसेच हे. म्हणून ‘अमुक टप्प्यासाठीची उत्तरफाईल विंडोजला वाचता आली नाही किंवा तिच्यावर काम करता आले नाही’ असा संदेश पडद्यावर आला, की घाबरून यंत्र बंद करू नये. संदेशात टप्प्याचे नाव दिलेले असते. दोष सात खोल्यांपैकी कोणत्या खोलीत आहे हे त्याने आपण होऊन सांगितले आहे, ही केवढी सोय!

नेहमीची दुखणी

आम्हाला त्या आठवड्यात भेटलेली आणि काकांना पूर्वी भेटलेली दुखणी येथे क्रमाने देतो.

पहिले दुखणे: उत्तरपत्रिका वाचलीच जात नाही. पेनड्राइव्ह लावला, यंत्र सुरू केले, आणि ते मुकाट्याने सर्व प्रश्न विचारू लागले. अशा वेळी फाईलच्या आत डोकावण्याआधी तिच्या नावाकडे पाहावे. पेनड्राइव्हवरून सुरुवात करताना तिचे नाव ‘ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल’ असेच हवे, आणि ती कोणत्याही फोल्डरच्या आत नको, अगदी वरच हवी. माझी पहिली फाईल नोटपॅडमध्ये लिहिलेली होती. त्याने गुपचूप शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ जोडले होते, आणि शेपट्या लपवून दाखवण्याच्या सवयीमुळे मला ते दिसले नाही. अर्धा दिवस गेला.

दुसरे दुखणे याच्या उलट: उत्तरपत्रिका वाचली जाते, पण जुनी. विंडोज उत्तरपत्रिका शोधते तेव्हा तिचा एक ठरलेला क्रम असतो. रजिस्ट्रीत पत्ता दिला असेल तर तो पहिला. मग विंडोजच्या फोल्डरातील ‘पँथर’ नावाचा कप्पा. त्यानंतर पेनड्राइव्हसारखी साधने, आणि मग इतर जागा. स्थापनेत यंत्र मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते, म्हणून उत्तरपत्रिकेची एक नक्कल पँथरमध्ये ठेवली जाते. एका यंत्राची प्रतिमा काढून दुसऱ्यावर चढवली, तर ती जुनी नक्कलही सोबत येते. आणि क्रमात ती आधी असल्यामुळे आपली नवी फाईल तशीच पडून राहते. प्रतिमा काढण्यापूर्वी ही शिळी नक्कल काढून टाकावी, हा त्यावर उपाय.

तिसरे दुखणे: व्याकरण. एक्सएमएल ही फार काटेकोर भाषा आहे. उघडलेला प्रत्येक कंस मिटला पाहिजे, आणि लहान व मोठ्या लिपीतली अक्षरे तिच्या लेखी वेगळी. संस्थेच्या नावात ‘कला आणि वाणिज्य’ यांच्यामध्ये ‘आणि’ऐवजी इंग्रजीतले ते वळणदार चिन्ह आम्ही वापरले होते. एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला विशेष अर्थ आहे, ते तसेच लिहिता येत नाही. एका चिन्हापायी सबंध उत्तरपत्रिका बाद! देवनागरी नावे लिहायची असतील तर फाईल यूटीएफ-८ या पद्धतीतच साठवावी. जुन्या ‘अॅन्सी’ पद्धतीत साठवली तर ‘मराठी विभाग’ या शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ उभी राहते.

चौथे दुखणे: नाव. संगणकाचे नाव पंधरा अक्षरांहून मोठे चालत नाही, आणि त्यात मोकळी जागा चालत नाही. आपल्याकडे महाविद्यालयांना थोरामोठ्यांची भरघोस नावे देण्याची प्रथा आहे. ती येथे उपयोगाची नाही. नाव मोठे झाले की स्पेशलाइझचा टप्पा अडतो. सगळ्या यंत्रांना एकच नाव दिले तर स्थापना होते, पण सर्व यंत्रे एका जाळ्यात जोडली की नावांचा गोंधळ सुरू होतो. नावाच्या जागी नुसता तारा लिहिला तर विंडोज स्वतःच एक वेगळे नाव देते.

पाचवे दुखणे: भाषा आणि वेळ. मराठीवरील प्रेमापोटी मी सर्वच भाषांच्या रकान्यांत मराठी लिहिले. परंतु तारीख-आकड्यांची पद्धत मराठी, कळफलक मराठी (त्याचा संकेत ०४४ई) आणि पडद्यावरील सूचना मराठी, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन खुशाल मागाव्यात. तिसरी मागायची तर ती भाषा त्या स्थापना-संचात असावी लागते. आमच्या संचात केवळ इंग्रजी होती. जे दुकानात नाही ते मागितल्यावर दुकानदार काय करणार? वेळेच्या बाबतीतही तसेच. विंडोजला ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’ हे पूर्ण नाव लागते, लिनक्सला ‘एशिया-कोलकाता’ लागते. एकाचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

याच्याच जोडीला एक सूचना. विंडोज १० पासून ‘मंगल’, ‘कोकिळा’, ‘अपराजिता’ हे फाँट मूळ संचात नसतात. देवनागरीचे पूरक फाँट म्हणून ते वेगळे घ्यावे लागतात. मूळ संचात ‘निर्मला’ असतो. इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रावर मराठी भाषा जोडली की ते फाँट सहसा मागाहून येतात. न जोडलेल्या यंत्रावर मात्र मंगलमध्ये टंकलेल्या आपल्या जुन्या फाईली वेगळ्याच अक्षरवळणात उघडतात आणि पानांची मांडणी हलते. मजकूर शाबूत असतो. कोणी घाबरू नये.

सहावे दुखणे: दिशाभूल करणारा संदेश. एका यंत्राने ‘परवान्याच्या अटी सापडत नाहीत’ अशी तक्रार करून काम थांबवले. आम्ही संच खराब समजून दुसरा पेनड्राइव्ह केला, तिसरा केला. वास्तविक उत्तरपत्रिकेत दिलेली किल्ली एका आवृत्तीची आणि घेतलेली आवृत्ती दुसरी, असा तो प्रकार होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्याच जातीचे आणखी एक: जुन्या बत्तीस बिटांच्या संगणकासाठी लिहिलेली उत्तरपत्रिका चौसष्ट बिटांच्या यंत्राला दिली, तर ते भांडत नाही. आपल्यासाठी नसलेले विभाग सरळ वगळून पुढे जाते. विंडोज ११ तर केवळ चौसष्ट बिटांतच मिळते.

सातवे दुखणे हे खरे म्हणजे दुखणे नसून बेपर्वाई आहे. उत्तरपत्रिकेत पासवर्ड लिहिलेला असतो. तो झाकलेला दिसला तरी ती केवळ लिपी बदललेली असते, कुलूप लावलेले नसते. पँथरमधील नकलेतून विंडोज तो पुसते, पण आपल्या खिशातल्या पेनड्राइव्हवरचा कोण पुसणार? काम झाल्यावर पासवर्ड बदलावा.

रोजनिशी वाचावी

ही दुखणी ओळखायची कशी? विंडोज स्थापनेची रोजनिशी लिहीत असते. पहिल्या टप्प्यात ती तात्पुरत्या ‘एक्स’ ड्राइव्हवरील पँथरमध्ये असते, पुढे ‘सी’ ड्राइव्हवरील पँथरमध्ये. ‘सेटअप-अॅक्ट’ या फाईलमध्ये घडलेले सर्व काही असते. ‘सेटअप-एरर’मध्ये फक्त चुका. स्थापना अडली असता शिफ्ट आणि एफ-१० या कळा एकत्र दाबल्या की आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडते, आणि तिथूनच या फाईली वाचता येतात. शेवटच्या चुकीवर न थांबता वर वर जात पहिली चूक शोधावी. पुष्कळदा बाकीच्या चुका तिचीच लेकरे असतात.

दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलून यंत्र चालले, तर ते कशाने चालले हे कधीच कळत नाही. तिसरा नियम: मायक्रोसॉफ्टचे ‘सिस्टिम इमेज मॅनेजर’ नावाचे मोफत साधन आहे, त्यात उत्तरपत्रिका आधी तपासून घ्यावी. ते लेखनातील आणि रकान्यांतील चुका दाखवते.

पण एक चूक कोणतेही साधन दाखवत नाही. उत्तर व्याकरणाने शुद्ध असते, रकाना बरोबर असतो, आणि तरीही ते उत्तर त्या यंत्राला लागू नसते. माझे तसेच झाले.

डिस्क क्रमांक शून्य

आपल्या नागपूरकरांना शून्याचे अप्रूप नाही. झिरो माईलचा खांब आपण येता-जाता पाहतो. संगणकही डिस्क मोजताना शून्यापासूनच सुरुवात करतो. पहिली डिस्क म्हणजे क्रमांक शून्य, दुसरी म्हणजे एक. (डिस्कचे भाग मात्र तो एकपासून मोजतो, ही विसंगतीही अनेकांना फसवते.) उत्तरपत्रिकेत मी लिहिले होते: डिस्क क्रमांक शून्य पुसा, नव्याने आखा, तिच्यावर विंडोज बसवा. कक्षातील चोवीस यंत्रांत एकेकच डिस्क होती. ज्या यंत्रांना विंडोज ११ चालत होती, त्या सर्वांवर उत्तर बरोबर आले. मी खूश होतो. पेनड्राइव्ह लावायचा, चहा प्यायचा, परत येईपर्यंत काम तयार.

मग मराठी विभागाचे यंत्र आले. काका म्हणाले, “घाई काऊन करून राह्यला बावा? याच्या आत काय हाय ते पाहून घे आधी.” मी म्हटलं, “काका, तीच फाईल आहे. चोवीस यंत्रांसाठी लिहिलेली.” आणि पेनड्राइव्ह लावला.

त्या यंत्रात डिस्क दोन होत्या. वेग वाढावा म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यात एक नवी लहान एसएसडी बसवली होती, आणि विंडोज तिच्यावर होती. जुनी मोठी हार्डडिस्क साठ्यासाठी तशीच ठेवली होती. पण ती आधीपासून पहिल्या जोडणीवर होती, म्हणून संगणकाच्या मोजणीत शून्य क्रमांक तिचाच होता. स्थापनेला नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागला. हार्डडिस्क मंद असते, ही खूण होती. मला वाटले यंत्रच आळशी आहे. विंडोज ११ उघडली. दुसरा ड्राइव्ह उघडून पाहतो तो त्यात जुनी विंडोज जशीच्या तशी. जिला पुसायचे होते ती जिवंत होती, आणि जिला हात लावायचा नव्हता ती पुसली गेली होती.

त्या हार्डडिस्कवर काय होते? आपल्या आधीच्या दोन तुकड्यांच्या विद्यार्थ्यांनी काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूर, कुही या तालुक्यांतील गावांत फिरून वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. मूळ मुद्रणे मोबाईलवर होती, ती केव्हाच पुसली गेली होती. दुसरी प्रत करायची असे प्रत्येक जण म्हणत होता. गाणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत.

सामान्य परिस्थितीत विंडोज डिस्क पुसण्यापूर्वी विचारते: कोणती डिस्क? नक्की? मी ते प्रश्न आधीच उत्तर देऊन गप्प केले होते. यंत्राने माझी आज्ञा अक्षरशः पाळली. त्याचा काही दोष नाही.

काकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी यंत्राची वायर काढली आणि एवढेच म्हणाले, “आता या डिस्कवर एक अक्षरही लिहू नको.” ही सूचना फार मोलाची आहे, आणि प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पुसणे म्हणजे बहुधा अनुक्रमणिका फाडणे असते. पाने जागेवरच असतात. पण नवे लिखाण त्या पानांवर होऊ लागले की जुने कायमचे जाते. आम्ही ती डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, आणि फाईली शोधून काढणाऱ्या प्रोग्रॅमने दोन रात्री ती चाळली. पुष्कळशी मुद्रणे परत मिळाली. ज्या जागेवर नवी विंडोज बसली होती तिथली मिळाली नाहीत. आणि जी मिळाली तिला नावे नव्हती. अनुक्रमणिका फाटलेली असल्याने प्रत्येक फाईलला एक लांबलचक आकडा तेवढा मिळाला. कोणत्या गावची, कोणाची, काहीच कळेना. आवाज होते, माणसे हरवली होती.

आम्हाला वाचवले ते एका वहीने. मुद्रण करणाऱ्या विद्यार्थिनींनी एक साधी रेघांची वही ठेवली होती. तिच्यात तारीख, गाव, गाणारीचे नाव आणि पहिल्या ओवीचे दोन-तीन शब्द, असे रकाने होते. डिसेंबरभर रोज दुपारी आम्ही चार जण कानाला यंत्र लावून एकेक मुद्रण ऐकत होतो आणि वहीशी जुळवत होतो. कुठे मागे कोंबडा आरवतो, कुठे नातू पाणी मागतो, त्यावरूनही गाव ओळखले. बरीच नावे जुळली. काही आवाज अजून बिननावाचे आहेत. वहीत नावे असलेल्या काही जणींचे आवाज नाहीत. त्या दुसऱ्या यादीला उत्तर नाही, हे मला माहीत आहे.

काय शिकलो

आता जी उत्तरपत्रिका आम्ही वापरतो तिच्यात नाव, भाषा, कळफलक, वेळ ही सर्व उत्तरे आहेत. डिस्कचा रकाना मात्र कोरा ठेवला आहे. तो रकाना कोरा असला की स्थापना तिथे थांबते आणि समोरच्या माणसाला विचारते. प्रत्येक यंत्रामागे एक-दोन मिनिटे जास्त जातात. ती जाऊ द्यावीत. ज्यांना हा रकाना भरावाच लागतो, अशा मोठ्या कार्यालयांनी तरी स्थापनेपूर्वी साठ्याच्या डिस्कची जोडणी काढून ठेवावी, आणि नवी उत्तरपत्रिका आधी एका रिकाम्या यंत्रावर चालवून पाहावी. क्रमांकावर विसंबू नये. कधी कधी खुद्द पेनड्राइव्हच मोजणीत मध्ये येतो. आणि कोणतेही यंत्र पुसण्यापूर्वी त्यातील साठ्याची प्रत दुसऱ्या जागी आहे काय, हे डोळ्यांनी पाहावे. ‘असेल’ या शब्दावर विश्वास ठेवू नये.

यंत्राला एकच उत्तर सत्तावीस वेळा सांगण्याचा कंटाळा वाचवावा, यात गैर काही नाही. माणसाने तेवढा वेळ वाचवून ओव्या ऐकाव्यात. परंतु ज्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर परत घेता येत नाही, तो प्रश्न आगाऊ सोडवू नये. तो समोर येऊ द्यावा, यंत्राकडे पाहावे, आणि मगच उत्तर द्यावे.

परत मिळालेली मुद्रणे आता तीन ठिकाणी ठेवली आहेत. वहीची छायाप्रत विभागात ठेवली आहे. आपल्यापैकी कोणी वर सांगितलेल्या तालुक्यांतील असेल, तर त्याने एखाद्या दुपारी मराठी विभागात यावे आणि ते बिननावाचे आवाज ऐकावेत. कदाचित एखादा आवाज ओळखीचा निघेल.